हरवलेला वायू

साहेबांना नवा माणूस भेटला की ते आधी त्याचं नाव विचारत नसत. "तुमची विहीर किती हात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पाणी कितीवर लागलं, काळा दगड कुठे संपला, मधे लाल मातीचा पट्टा आला का, हे सगळं झाल्यावर आठवलं तर नाव. माझी मुलाखतही अशीच झाली. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, मार्कशीटची फाईल मांडीवर धरून बसलेली, आणि हे म्हणाले, "घर कुठं?"

"सावरगावले. नदीच्या काठालेच."

"विहीर हाये?"

"हाये. चाळीस हात."

"म्हणजे तुम्ही अजून छपरावरच राहून राहिले," ते म्हणाले. "घर तं लय खाली हाये. उद्यापासून ये."

फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. मला वाटलं, म्हातारा सरकलेला आहे. पुढे सौंसर ते पांढुर्णा जो तो हेच म्हणायचा आणि मीही मान डोलवायचे. त्याबद्दलच मला हे लिहायचं आहे, कारण त्यांना सरकलेलं ठरवण्यात माझा हात सगळ्यांत मोठा होता.

लोधीखेड्याच्या बाजूला एका कंपनीने तळ टाकला होता; साहेब तिथले भूगर्भतज्ज्ञ. बोअर मारत होते, पण पाण्यासाठी नव्हे. पोकळ नळी फिरत फिरत खाली जायची आणि वर येताना पोटात दगडाचा लांब गोल दांडा घेऊन यायची. त्याला कोर म्हणत. पायाखालचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, एवढं मी शाळेत शिकले होते. त्याच्याही खाली काय, ते साहेबांनी सांगितलं. खाली एक लांबलचक खोलगट जागा, जमीन खचत गेलेली. नद्या तिच्यात वाळू आणि गाळ आणून टाकत राहिल्या, आणि ती भरत गेली तसतशी आणखी खचत गेली. काठाला दलदल, दलदलीत जंगल. जंगल आडवं व्हायचं, त्यावर गाळ बसायचा, गाळावर पुन्हा जंगल. त्याचा कोळसा झाला. दबताना आणि तापताना त्याच्यातून जो वायू निघाला, त्यातला बराच कोळशातच अडकून बसला. मग फार उशिरा या सगळ्यावर लाव्हा पसरला आणि वरून झाकण लागलं. झाकणाखाली वायू किती आहे आणि तो काढणं परवडेल का, इतकंच कंपनीला पाहायचं होतं.

साहेब मात्र हे सगळं शेजारच्या गल्लीतल्या बातमीसारखं सांगत. एकदा आमच्या घरी चहाला आले. आईने खुर्ची दिली, ते खाली बसले, फरशीवर तळहात टेकला. मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाले, "त्याच्या बरोबर खाली एक तळं हाये, वहिनी. शंखवाल्या गोगलगाई हायेत त्यात. काठाले शिंदीसारखी झाडं. वरून लाव्हा आला तवा त्याहिले पळायले जागा नाही भेटली." आईने कपबशी तशीच धरून ठेवली. त्या दिवसापासून ती त्या भिंतीपाशी अंथरूण घालेना. मी हसले, तर म्हणाली, "तू हस. मले रात्री खाली कोणी हाये असं वाटते."

दगड ओळखताना ते त्याचा कण दाताखाली धरत. कचकचला तर वाळूचा गाळ, मऊ लागला तर चिकण. मशीनवरची माणसं त्यांना पाठीमागे गोटेखाऊ म्हणायची. कोर ठेवायच्या शेडमध्ये ते चपला बाहेर काढून जात आणि आत आवाज चढवू देत नसत. "देवळात आलो काय आपण?" असं मी एकदा विचारलं. "देवळात कोणी झोपलेलं नसते," ते म्हणाले.

आता माझं काम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे. कोळशाचा कोर वर आला की तो ताबडतोब डब्यात घालून झाकण घट्ट करायचं. डब्याला एक नळी, ती पाण्यात उलट्या धरलेल्या काचेच्या मापात जायची. कोळसा हळूहळू वायू सोडतो, मापात बुडबुडे चढतात, पाणी खाली जातं, तेवढा वायू आपण मोजायचा. पण सोड्याचं बूच उघडल्यावर जसं पहिलं फसफसून निघून जातं, तसं कोर खालून उचलल्यापासून झाकण लागेपर्यंत बराच वायू उडून गेलेला असतो. त्याला हरवलेला वायू म्हणतात. तो कुणालाच मोजता येत नाही. किती वेळ लागला यावरून त्याचा अंदाज बांधायचा. म्हणून तीन वेळा लिहायच्या: तळातून उचलला कधी, वर आला कधी, डबा बंद झाला कधी. वेळ चुकली की वायू चुकला. "बाकी सगळं मशीन करते," साहेब म्हणायचे. "हरवलेलं तेवढं माणसाच्या भरवशावर हाये. अन् वायू वाट शोधते बरं. आपण विसरलो तरी थो विसरत नाही."

त्या दिवशी साहेब पेन्शनच्या कागदांसाठी सौंसरच्या बँकेत गेले होते. एका संत्र्याच्या बागेतल्या बोअरमधून सगळ्यांत खालचा कोळसा निघायचा होता. मी फोनवर होते. बहिणीशी, सरकारी नोकरीच्या एका फॉर्मबद्दल, त्याची शेवटची तारीख होती. नळी तळातून कधी उचलली ते मी पाहिलंच नाही. ती अर्ध्यावर अडकली होती, माणसं तिच्याशी झटत होती, हेही मला नंतर कळलं. मी धावत गेले तोवर कोर उन्हात पडलेला होता आणि कान जवळ नेला तर बारीक चरचरत होता. डबा बंद केला. पहिला रकाना रिकामा. मशीनवाल्याला विचारायचं तर गलथानपणा उघडा पडणार. मी मनानेच एक वेळ लिहिली. अठरा मिनिटं लागली असा हिशेब निघाला. खरा वेळ कमीत कमी सव्वा तासाचा होता.

नंतर पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून सावरगाव आणि पांढुर्ण्याची माणसं एकमेकांवर गोटे फेकतात ती जत्रा. तळावरची झाडून सारी माणसं पांढुर्ण्याला पळाली. शेडमध्ये मी आणि साहेब दोघंच. भर दुपार होती, आणि मशीन बंद असल्यामुळे इतकी शांतता की घड्याळाचा काटा ऐकू यावा. बाकीचे सगळे डबे कधीचे थांबलेले. बागेतल्या कोळशाचा तो एक तेवढा मधेच एक बुडबुडा सोडायचा. साहेब त्याच्यावर कान ठेवून बसले होते, डोळे मिटून. पुन्हा एक बुडबुडा आला. मला त्या डब्याकडे पाहवेना.

"हा थांबून नाही राहिला," ते म्हणाले. "अठरा मिनिटाच्या हिशेबात हा बसत नाही. याच्यात लय वायू हाये. पोरी, वेळ बराबर लिहिली होती न?"

"हो साहेब," मी म्हणाले. "घड्याळ पाहूनच लिहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने पाहिलं असतं तर मी कदाचित बोलून गेले असते. त्यांनी विश्वासाने पाहिलं. "मंग माहाच कान चुकून राहिला," असं म्हणून त्यांनी कान तळहाताने पुसला.

माझ्या अठरा मिनिटांमुळे हरवलेला वायू कमी धरला गेला आणि कंपनीच्या अहवालात त्या बोअरपुढे वायू नगण्य असं लिहिलं गेलं. वायूचा बोअर असता तर तळापासून वरपर्यंत सिमेंटने भरला असता. नगण्य म्हटल्यावर त्यात चिखल आणि दगडाचा चुरा ढकलला, तोंडाशी सिमेंटची टोपी ठोकली आणि तळ उठला. जाताना साहेबांनी मला अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं. त्यात एक ओळ होती: वेळेच्या नोंदीत अचूक. त्या कागदावर मला पांढुर्ण्याच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली.

साहेब मात्र तळाबरोबर गेले नाहीत. बायको कधीच वारलेली, मुलगा दूर. सौंसरला एक खोली घेऊन राहिले. कंपनीने टाकून दिलेला तो डबा त्यांनी आणला होता. कोळसा कधीचा काढून ठेवलेला, डबा रिकामा, तरी त्याच्यावर कान ठेवायचे. बसस्टँडवर उभे असताना एकदम बाजूला होऊन लोकांना सांगायचे, "जरा हळू चाला, खाली ऐकू जाते." पोरं त्यांच्या मागे पाय आपटत जायची. मी दर रविवारी भाजी घेऊन जायचे. प्रायश्चित्त म्हणा, नाहीतर भीती म्हणा.

एक दिवस म्हणाले, "कानात बुडबुडे येऊन राहिले. दिवसभर. डॉक्टरले दाखवाव म्हणतो."

मीच त्यांना नागपूरला घेऊन गेले. हे लिहिताना मला आजही माझी लाज वाटते. काचेच्या पेटीत त्यांना बसवलं, कानांवर ते यंत्र लावलं. आवाज आला की बोट वर करायचं. डॉक्टरने आवाज सोडले तेव्हा साहेबांनी बोट वर केलं. डॉक्टर थांबला, तरी मधूनच बोट वर येत राहिलं. डॉक्टर माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "वयाचं आहे. तुम्ही मुलगी का?" मी हो म्हटलं. परतीच्या बसमध्ये साहेब म्हणाले, "कागद खोटं बोलत नाही न. तूच लिहिलेला कागद हाये. मंग मी येडाच झालो असन." मी खिडकीबाहेर पाहत बसले.

पुढल्या हिवाळ्यात सौंसरच्या बाजारात मला बागवाले काका भेटले. ज्यांच्या संत्र्यांत तो बोअर होता, तेच. आनंदात होते.

"पोराचं लगन झालं न मॅडम. त्याच्यासाठी नवी खोली बांधली बागेत. तुमच्या मशीनचा ओटा होता न सिमेंटचा? आयता भेटला. जोत्याचं काम वाचलं. त्याच्यावरच चार भिंती उचलल्या, वर स्लॅब."

"बोअरवर?"

"बोअर तं बुजला न. पलंगाखाली आला थो. मस्त खोली झाली. थंडी लय पडून राहिली म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद ठेवतात."

मी बरं म्हणाले. संत्री घेतली. घरी आले आणि दोन दिवस गप्प राहिले. कोणी विचारेल, दोन दिवस? हो, दोन दिवस. नोकरी जाईल, साहेब तोंड पाहणार नाहीत, आणि कदाचित काही नसेलच तिथे, असं मनाला सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मुलींना बर्नर पेटवून दाखवत होते. काडी ओढली आणि ती बर्नरला न लावताच विझवली. सुट्टीचा अर्ज टेबलावर टाकून मी सौंसरची बस धरली.

साहेब उन्हात खाटेवर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. "साहेब, त्या डब्याची वेळ खोटी हाये. मी फोनवर होती. अठरा मिनिटं नव्हती, सव्वा तास तरी होता."

ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले. बराच वेळ. मग त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला रडू आलं.

"म्हणजे मी बराबर ऐकून राहिलो होतो," ते म्हणाले.

"हो साहेब. तुमचा कान बराबर होता. मी तुम्हाले डॉक्टरकडे नेलं तवाही मले माहीत होतं."

मग मी खोलीचं सांगितलं. ते उठले, चपला शोधायला लागले, आणि एकच विचारलं, "तिथं कोण झोपते?"

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले असतील. काका बाहेरच्या घराच्या ओसरीत संत्री निवडत होते. नव्या खोलीला कुलूप होतं. पोरगा-सून जामसांवलीला दर्शनाला आणि तिथून सुनेच्या माहेरी गेलेले, खोली दोन दिवस बंद. किल्ली पोराजवळ. "येतच असतीन, गाडीवर हायेत," काका म्हणाले. मी फोन लावला. वाजत राहिला, गाडीवर ऐकू येत नसणार.

साहेब भिंतीला कान लावून उभे होते. "आल्या आल्या काय करते पोरगा?" त्यांनी विचारलं.

"काय करन? लाइट लावन. सून चहा मांडन," काका म्हणाले.

"छपराखाली वायू भरला असन. हलका असते थो, वर जमते." साहेबांनी वर पाहिलं. स्लॅबच्या खाली दोन झरोके होते, समोरासमोरच्या भिंतींत, काच बसवून पक्के केलेले. शिडी बाहेर नव्हती, तीही खोलीतच. साहेब माझ्याकडे वळले. "सावरगावची हायेस न तू? गोटा मारता येते का नाही?"

"बायका नाही मारत साहेब."

"आज मार. पण चौकटीले लागू देऊ नको. लोखंड हाये. ठिणगी पडली तं संपलं."

काका मधे आले. "ओ मॅडम, नवीन काच हाये. येडे झाले काय तुम्ही? याहिचं तं सोडा, तुम्हीबी?"

"काका," मी म्हणाले, "हे येडे नाहीत. मी खोटं लिहिलं होतं. तुमच्या बोअरमधे वायू हाये. चूक माही हाये, याहिची नाही." हे मी मोठ्याने, बाहेर उभ्या असलेल्या मजुरांच्या देखत बोलले. गेलं दीड वर्ष जे तोंडातून निघत नव्हतं ते एवढंसंच होतं.

पहिला गोटा भिंतीला लागून परत आला. दुसरा चौकटीच्या अगदी कडेने गेला. लांबून गाडीचा आवाज यायला लागला. तिसरा काचेच्या मधोमध बसला. मी धावत मागच्या बाजूला गेले आणि दुसरी काच एका फटक्यात फोडली. काचा आत पडल्या. त्यानंतर काहीच झालं नाही. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. आतून फक्त अंधार दिसत होता. पोरगा गाडीवरून उतरून आला तेव्हा काका त्याला म्हणाले, "किल्ली दे. पण उघडू नको अजून." एवढं त्यांनी ऐकलं, हे मी विसरणार नाही.

साहेबांनी तासभर कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. मग दार उघडलं, दिवा न लावता. पलंग सरकवला. फरशीवर एक बारीक चीर होती आणि तिच्या टोकाशी कुंकू लावलेलं वाळकं लिंबू. साहेबांनी एक गडवाभर पाणी त्या चिरेवर ओतलं आणि सगळे वाकून पाहत राहिलो. आधी काही नाही. मग एक बुडबुडा आला, फुटला. मग चिरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने येऊ लागले, सावकाश, सारख्या अंतराने. खाली कोणीतरी झोपेत असावं तसे. काकांनी नकळत हात जोडले.

सून दाराशीच उभी होती.  "मले रोज ऐकू ये," ती हळूच म्हणाली. "पलंगाखाली गुडगुड. याहिले सांगतलं तं म्हणे उंदीर हाये. सासूबाईनं लिंबू ठेवला. मले वाटे मलेच काही झालं."

साहेब तिच्याजवळ गेले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुह्या कानाले काही नाही झालं, बाई."

ते मला रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते पुढच्या रविवारपर्यंत थांबले. "प्रमाणपत्र आण," म्हणाले. मी नेलं. वेळेच्या नोंदीत अचूक, ही ओळ त्यांनी पट्टी ठेवून सरळ खोडली, बाजूला सही केली आणि कागद परत दिला. भाजी ठेवून घेतली. त्यानंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी कंपनीला आणि शाळेलाही सगळं लिहून कळवलं. शाळेने एक कडक पत्र दिलं आणि कामावर ठेवलं. कंपनीची माणसं येऊन बोअर पुन्हा फोडून सिमेंटने भरून गेली. खोलीच्या भिंती काकांनी पाडल्या, आता तो नुसता ओटा आहे, संत्र्यांचा ढीग लावायचा.

साहेब त्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या दिवसांत कानातले बुडबुडे थांबले का, असं मी विचारलं होतं. "नाही," ते म्हणाले, "पण आता त्याची भीती नाही वाटत."

मी अजून कधीकधी त्या बागेत जाते. ओट्यावर पाणी ओतते, तिथे काही येत नाही. मागच्या खेपेस काका झाडांना पाणी सोडत होते. ओट्यापासून पंधरा-वीस पावलांवरच्या एका संत्र्याच्या आळ्यात पाणी साचलं होतं, आणि त्यात बुंध्याजवळ एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. उघड्यावर आहे, वारा आहे, तिथे भ्यायचं काही कारण नाही. काकांना सांगितलं, या बाजूला कधी काही बांधू नका. मग चपला काढून आळ्याच्या काठावर बसले, घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. तिसरा येईपर्यंत बसून राहिले आणि त्याचीही लिहिली.